हुबेहूब डोंगर

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात खोडाळा हे डोंगराळ मुलखातील गाव आहे. कसाऱ्याकडून विहीगावावरून येणारा प्रवासी चढण चढून या परिसरात आला म्हणजे त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ते डोंगरांचे पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले अंग. एक काळा कडा, त्याखाली थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशी ही रचना क्षितिजापर्यंत चाललेली असते. श्रावणात तिच्यावर हिरवळ दाटते आणि पायरीपायरीवरून पाणी कोसळत असते. वैशाखात त्याच पायऱ्या उघड्या पडतात, गवत वाळून पिवळे होते आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका आटत चाललेल्या विहिरीची वाट चालताना दिसतात. डोंगर एकच; परंतु त्याची चित्रे काढावयाची झाल्यास ती दोन काढावी लागतील.

असा डोंगर हुबेहूब कसा उभा करावा, हा प्रश्न आता रंगाच्या पेटीपाशी थांबलेला नाही. संगणकाच्या पडद्यावर जमीन, पाणी, झाडे, धुके आणि ऊन निर्माण करण्याची विद्या गेल्या अर्धशतकात उदयास आली. चित्रपटांत, मुलांच्या खेळांत, नकाशांत आणि धरणे व रस्ते यांच्या आराखड्यांत तिचा संचार आहे. पडद्यावरील तो देखावा पाहून सामान्य मनुष्याची अशी समजूत होते की, कळ दाबली आणि यंत्राने डोंगर काढून दिला. या विद्येचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आधी चुकीचा डोंगर काढला, दुसऱ्या कोणीतरी त्यातील चूक दाखविली आणि पहिल्याने तो पुन्हा काढला. अभ्यास आणि दोषदिग्दर्शन हेच या विद्येचे दोन गुरू होत. यंत्र हे केवळ त्यांच्या हातातील पाटी आहे.

या इतिहासाचे एक टोक खोडाळ्याच्या शेजारीच सापडते. खोडाळ्याच्या ईशान्येस, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर आहे. तेथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत त्यांनी १८८५ साली प्रवेश घेतला, आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते तैलरंग व जलरंग शिकले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग इतक्या विद्या त्यांनी आलटूनपालटून आत्मसात केल्या. चलच्चित्राचा ध्यास लागल्यावर १९१२ साली ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले. परंतु भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ नित्य थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर त्या साऱ्या दिवसांचा जेमतेम एक मिनिटाचा खेळ झाला. बीजातून अंकुर, अंकुरातून वेल, वेलीवर शेंगा, असे निसर्गाचे काम पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. ते पाहिल्यावर कर्ज देणारा सावकार मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

या वाटाण्याच्या वेलीत पुढील सर्व गोष्टींचे बीज आहे असे म्हणावयास हरकत नाही. निसर्ग कृत्रिम पडद्यावर आणावयाचा तर तो आधी दिवसेंदिवस निरखावा लागतो, हा त्यातील पहिला धडा. आणि केलेले काम परक्या डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून ते साधले की नाही हे कळत नाही, हा दुसरा.

त्याच सुमारास कोल्हापुरात दोन मावसभाऊ म्हणा, चुलतभाऊ म्हणा, एकाच घराण्यातले दोन कारागीर नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत होते. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे ते दोघे. लोकांनी त्यांचे आडनाव पेंटर असेच करून टाकले. बाबूरावांचा जन्म १८९० चा. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांची कला सरावाने आलेली होती. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम हिंदुस्थानातील नाटकांसाठी त्यांनी रंगविलेले पडदे नावाजले गेले. रस्ता, राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे देखावे सपाट कापडावर काढावयाचे आणि प्रेक्षकाला खोलीचा भास करून द्यावयाचा, हे ते काम. नाटकगृहाच्या मंद उजेडात, दूर बसलेल्या प्रेक्षकाला तो भास पुरेसा होई.

पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून या दोघांना चलच्चित्राचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो स्वतःच बनविण्याचा त्यांनी घाट घातला. १९१६ साली आनंदरावांचा अंत झाला. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने खटपट चालू ठेवली आणि १९१८ साली चालणारा कॅमेरा सिद्ध केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. ज्या रंगीत पडद्यांनी बाबूरावांना कीर्ती दिली, ते पडदे कॅमेऱ्यापुढे उभे राहिनात. नाटकगृहातील प्रेक्षकाची नजर क्षमाशील असते, कॅमेऱ्याची नसते. कापडावरची सावली ही रंगविलेली सावली आहे हे तो निर्दयपणे सांगून टाकतो. बाबूरावांनी त्याचा निवाडा मान्य केला. सपाट पडद्याऐवजी भरीव, लांबीरुंदीखोलीची, माणसे खरोखर वावरू शकतील अशी स्थळे त्यांनी उभारली, आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम दिव्यांचा प्रकाश वापरला. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या दामले व फत्तेलाल यांनी १९२९ साली कोल्हापुरात सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी काढली. तिच्या ‘संत तुकाराम’ने १९३६ साली जुने देहू लोकांपुढे जिवंत केले. ज्या कसबाने आपणास मान दिला तेच अपुरे आहे हे कळल्यावर ते बाजूस ठेवणे, ही बाबूरावांची थोरवी. शिकणाऱ्याने त्यांच्यापासून घ्यावयाचे ते हेच.

कोल्हापूरच्या चित्रकारांनी जे कुंचल्याने आणि सुताराच्या हातोडीने केले, तेच पुढे गणिताने करण्याचा उद्योग सातासमुद्रापलीकडे सुरू झाला. बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाने १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हा शब्द प्रचारात आणला. डोंगराचा लहानसा खडक जवळून पाहिला तर तोही डोंगरासारखाच ओबडधोबड दिसतो. किनाऱ्याचा छोटा तुकडा साऱ्या किनाऱ्यासारखाच नागमोडी असतो. लहानात मोठ्याचे रूप पुन्हा पुन्हा आढळावे, अशा आकृतींचे गणित त्याने मांडले. अमेरिकेतील बोइंग या विमानांच्या कारखान्यात लॉरेन कार्पेंटर नावाचा संगणकतज्ज्ञ होता. विमानांच्या चित्रांमागे डोंगर दाखवावे अशी त्याची इच्छा होती. मांडेलब्रोचा ग्रंथ वाचून त्याने एक युक्ती योजिली. एक त्रिकोण घ्यावयाचा, त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू किंचित वरखाली सरकवावयाचे, म्हणजे चार लहान त्रिकोण होतात. त्या प्रत्येकाचे पुन्हा तसेच करावयाचे. काही वेळाने मोजक्या त्रिकोणांतून हजारो त्रिकोणांचा खडबडीत पर्वत उठतो. १९८० साली सिअॅटल येथील सिग्राफ परिषदेत त्याने या रीतीने केलेले दोन मिनिटांचे चलच्चित्र दाखविले, तेव्हा जाणकारांच्या सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या दोन मिनिटांनी त्याला चित्रपटाच्या धंद्यात नेले.

टाळ्या ओसरल्यावर मात्र दोष दिसू लागले, आणि खरी प्रगती तेथून झाली. पहिला दोष असा की, हे पर्वत उलटे केले तरी तसेच दिसत. शिखर पालथे घातले की दरी होई, दरी पालथी घातली की शिखर. खऱ्या भूमीचे असे नसते. तिच्या दऱ्या पाण्याने कोरलेल्या असतात, शिखरे नसतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर या पर्वतांत नदी नव्हती. ही उणीव ओळखून मांडेलब्रोचाच विद्यार्थी केन मस्ग्रेव्ह याने दोन सहकाऱ्यांसह १९८९ साली झिजलेल्या पर्वतांची रीत प्रसिद्ध केली. गणिताच्या डोंगरावर गणिताचाच पाऊस पाडावयाचा, पाणी सखल बाजूस वाहू द्यावयाचे, त्याच्याबरोबर माती खाली न्यावयाची आणि कड्यांवरून ढासळलेला मुरूम पायथ्याशी साठू द्यावयाचा. तेव्हा कोठे त्या डोंगराला ओहोळ फुटले. केन पर्लिन याची कथाही अशीच. १९८२ सालच्या ‘ट्रॉन’ या चित्रपटाच्या कामात संगणकाची चित्रे फार गुळगुळीत व यंत्रासारखी दिसतात, याचा त्याला वीट आला. त्या असंतोषातून १९८३ साली त्याने नियमबद्ध अनियमितपणाची एक रीत शोधली. दगड, ढग, लाटा यांना नैसर्गिक पोत देणाऱ्या या रीतीबद्दल १९९७ साली त्याला ऑस्करच्या संस्थेचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. ज्याला आपल्या कामातील वैगुण्य खुपते, त्याच्याच हातून नवी वाट निघते.

हे झाले परदेशचे. आता हीच विद्या घेऊन कोणी खोडाळ्याचा डोंगर काढावयास बसला असे मानू. पावसाने झिजविण्याची रीत त्याने जशीच्या तशी लावली, तर पडद्यावर टोकदार, धारदार कण्यांचे पर्वत उठतील. हिमालयाच्या चित्रात ते शोभतील. खोडाळ्याचा मनुष्य ते पाहून मान हलवील. कारण त्याचा डोंगर निराळ्या जन्माचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट थरावर थर पसरले. त्यांतून झालेला काळा खडक आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. घट्ट थर कड्याच्या रूपाने टिकतो, सच्छिद्र व मऊ थर झिजून उतार होतो, आणि दोन लोटांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची रेघ दिसते. भूशास्त्रज्ञ या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द जिन्याच्या पायरीस असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. म्हणजे जी पायरी प्रवाशाला पहिल्याच दृष्टिक्षेपात दिसते तीच शास्त्राने नावात नोंदवून ठेविली आहे.

भूदृश्ये घडविण्याच्या आजच्या संगणकप्रणालींत अशा पायऱ्या पाडण्याची सोय असते. नवशिक्या ती हर्षाने वापरतो आणि डोंगराचे थर सारख्या जाडीचे करून ठेवतो. मग तो डोंगर हलवायाच्या दुकानातील वड्यांसारखा दिसू लागतो. पुन्हा कोणी सांगावे लागते की, थर कमीजास्त जाडीचे असतात, मध्येच घळ त्यांना चिरीत जाते, पायथ्याशी दरड कोसळून पायरी बुजलेली असते. दहाव्या खेपेस तो डोंगर सह्याद्रीच्या नात्यातला वाटू लागतो.

येथे कोणी विचारील की, इतका खटाटोप कशास? आकाशातून जमीन मोजता येत असताना ती कल्पनेने का घडवावी? हा प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारच्या साह्याने भूपृष्ठाच्या सुमारे ८० टक्के भागाची उंची मोजली. भारताने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. मनुष्य दोन डोळ्यांनी खोली जाणतो. तद्वत या उपग्रहाचे दोन कॅमेरे, एक पुढे आणि एक मागे कललेला, एकच जमीन दोन कोनांतून टिपीत आणि त्यावरून उंचीचे आकडे काढले जात. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या २००९ साली सुरू झालेल्या नकाशासेवेतून असे आकडे अभ्यासकांस मिळू लागले. खोडाळ्याचा डोंगर घरबसल्या उतरवून घेण्याची सोय झाली.

परंतु आकड्यांनाही डोळस तपासनीस लागतो. एक उदाहरण पुरे आहे. २००० सालच्या मापनावरून कोणी मोखाड्याचा देखावा उभा केला, तर कोचाळे गावाजवळ वैतरणेची खोल, मोकळी दरी दिसेल. प्रत्यक्षात तेथे मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले, सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण उभे आहे आणि दरीत जलाशय पसरला आहे. मापन खोटे नव्हते. ते जुने झाले. शिवाय ३० मीटर अंतराअंतरावर घेतलेल्या उंचीत घरामागची ताल, ओढ्याची वळी, विहिरीचा काठ येत नाही. रडारच्या लहरी दाट झाडीच्या माथ्यालाच जमीन समजण्याचा संभव असतो. आणि अरुंद घळीच्या आत त्या पोहोचतच नाहीत. ही उणीव कागदपत्रांवरून थोडीबहुत कळते. दरीत राहणाऱ्याला ती पाहताक्षणी कळते.

म्हणून शिकणाऱ्याचा क्रम कसा असावा, हेही या इतिहासावरून ठरविता येते. प्रथम त्याने एकच डोंगर निवडावा आणि तो निरनिराळ्या प्रहरी पाहावा. सकाळच्या तिरप्या उन्हात कड्यांच्या सावल्या लांबतात व पायऱ्या स्पष्ट होतात. भर दुपारी त्याच पायऱ्या पुसून गेल्यासारख्या दिसतात. दूरचा डोंगर जवळच्याहून फिकट व निळसर असतो. ही हवेची करामत साधली नाही, तर पाच कोसांवरचा डोंगर अंगणात आल्यासारखा वाटतो. झाडे प्रमाणाबाहेर मोठी झाली की डोंगर टेकडीएवढा होतो. धबधब्याचे पाणी फार वेगाने पाडले, तर तीनशे फुटांचा कडा तीन फुटांचा दिसतो, कारण उंचावरून पडणारे पाणी दुरून सावकाश उतरताना दिसते, हे नजरेला ठाऊक असते. या गोष्टी वाचून समजतात, पण हातात येत नाहीत. महाराष्ट्रातील चित्रकलेच्या शासकीय परीक्षांस बसलेल्या मुलामुलींना स्मरणचित्राचा अनुभव असतो. रोज पाहिलेले झाड डोळे मिटून काढावयास घेतले म्हणजे आपण ते कधी पाहिलेच नव्हते असे ध्यानी येते. संगणकावरील अभ्यासही याच जातीचा आहे.

दोषदिग्दर्शनाचेही शास्त्र आहे. ‘छान आहे’ एवढे म्हणणारा स्नेही शिकणाऱ्याचे काही भले करीत नाही, आणि ‘जमले नाही’ म्हणणाराही करीत नाही. ‘सूर्य डावीकडे आहे, मग दरीतील सावली डावीकडे कशी पडली?’ असे विचारणारा खरा हितकर्ता. त्याचा प्रश्न बोचतो, परंतु त्यात उद्याच्या कामाची दिशा असते. शिकणाऱ्यानेही आपले काम पुरे होण्याची वाट न पाहता कच्चे असतानाच दाखवावे. पक्के झालेले चित्र बदलावयास मन घेत नाही.

आता हा शेवटला आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: दोष कोणी दाखवावा? जव्हार-मोखाड्याच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी चौक लिहितात. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र, आणि त्यात त्रिकोण, वर्तुळ, चौकोन एवढ्याच आकृती. डहाणूकडील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. या चित्रांत दूरचे लहान व जवळचे मोठे असा नियम नाही. तथापि भात लावणारे कोण, मळणी कोठे चालली आहे, पाणी कोठून येते, पाडा कोठे वसला आहे, हे त्यांत चुकत नाही. संगणकाचा डोंगरही त्रिकोणांचाच बनलेला असतो. एका त्रिकोणात प्रकाशाचा हिशेब आहे, दुसऱ्यात वस्तीचा. शिकणाऱ्याला दोन्ही हिशेब आले पाहिजेत.

खोडाळ्याच्या परिसराचा देखावा शहरात बसून काढणारा बहुधा पावसाळाच काढील, कारण सहलीच्या छायाचित्रांत त्याला पावसाळाच भेटतो. वरकस उतारावरची नागली आणि वरी त्याच्या चित्रात गवत होऊन जाईल. माघ-फाल्गुनातील पळसाचा केशरी रंग, राब भाजल्यानंतरची काळी वाफ, पाड्यापासून विहिरीपर्यंत पडलेली बारीक पायवाट, हे सारे त्यातून गळेल. खेळातील देखाव्यात असे झाले तर फारसे बिघडत नाही. परंतु आता रस्ता, धरण, विश्रामस्थाने यांचे बेत ठरण्यापूर्वी त्यांचे देखावे पडद्यावर दाखविले जातात, आणि पाहणारे त्यावर भरवसा ठेवतात. ज्या चित्रात पायवाट नाही, त्या चित्रात ती अडली तरी कोणास कळणार नाही. जो पाडा चित्रात रिकामी हिरवळ झाला, त्याचा विचार बैठकीत कोण करणार? चित्र जितके हुबेहूब, तितकी त्यातील उणीव अधिक बेमालूम. हाच या विद्येतील खरा धोका आहे.

याचा उपाय यंत्रात नाही. तो त्या विहिरीच्या वाटेवर आहे. देखावा तयार झाला म्हणजे तो प्रथम तेथे राहणाऱ्यांस दाखवावा. ज्या बाईने वैशाखात हंडा डोक्यावर घेऊन तो उतार शंभरदा चढला, तिला पडद्यावरील चढण खरी की खोटी हे क्षणात कळेल. ती गणित जाणत नसेल; पण ती ज्या ठिकाणी बोट ठेवील त्या ठिकाणी चूक असेल. फाळक्यांनी आपली वेल परक्या डोळ्यांपुढे मांडली, बाबूरावांनी कॅमेऱ्याचा निवाडा मानला, मस्ग्रेव्हने आपल्या गुरूच्या पर्वतांना नदी दिली. ज्याचा डोंगर, त्याची साक्ष घ्यावयाची, एवढी पायरी आता उरली आहे. ती चढली म्हणजे पडद्यावरील खोडाळा खोडाळ्याच्याही ओळखीचा होईल.